विदर्भाच्या खेड्यापाड्यांत भटकायचं म्हणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भटक्यांच्या गप्पा कोकण, सह्याद्री, स्पिती असं करत करत कधीतरी विदर्भावर येतात आणि मग ठरलेले प्रश्न सुरू होतात. गाडी मिळते का, ऊन झेपेल का, जेवण फार तिखट असतं का. दर वेळी नव्याने सांगत बसण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकलं. शहरं यात नाहीत. नागपूर उतरायला आणि परतताना संत्रा बर्फी घ्यायला ठीक आहे.

वाघ सोडून तुमच्याकडे आहे काय?

असं विचारणाऱ्याला आधी लोणारला धाडावं. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर उल्का आदळून काळ्या बेसॉल्ट खडकात झालंय, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. जून २०२० मध्ये तिथलं पाणी एकाएकी गुलाबी झालं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी लोणारला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जाही मिळाला. पण आलेले बहुतेक जण काठावरून फोटो काढतात आणि गाडीत बसतात. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर राहून जातं. मेहकरला १८८८ साली सापडलेली शारंगधर बालाजीची मूर्ती आहे, सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजी जाधवांचा वाडा आहे. हे सगळं एकाच टापूत आहे, फक्त एक मुक्काम वाढवावा लागतो.

पूर्वेला गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, मार्कंड्याची देवळं आहेत. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळून वाहते म्हणून त्या जागेला मान. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघायला सकाळचं तिरपं ऊन हवं. भर दुपारी गेलात तर सगळ्या मूर्ती सपाट दिसतात आणि पायही पोळतात. भंडारा जिल्ह्यात पवनीची जुनी तटबंदी आहे, तिकडे रामटेक आहे, वर्ध्याजवळ १९३६ पासूनचं गांधीजींचं सेवाग्राम आणि धाम नदीकाठी विनोबांचं पवनार आहे. आणि हे काहीही न बघता नुसतं एखाद्या गावच्या आठवडी बाजारात दुपार काढली तरी फेरी फुकट जात नाही.

चार दिवसांत सगळा विदर्भ होईल का?

नाही. अकरा जिल्हे आहेत बाप्पा. नागपूरहून गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याला, एसटीने जायचं तर जाण्यातच दिवस संपतो.

एका फेरीत एकच बाजू धरा. पश्चिमेला वऱ्हाड : बुलढाणा, अकोला, वाशिम, अमरावती, यवतमाळ. काळी माती, कपाशी, सोयाबीन, तूर आणि वर सातपुड्यात मेळघाट. पूर्वेला झाडी : भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. तिथे धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातशेतं), तळी आणि जंगल. मधे नागपूर-वर्धा. झाडीतली ती तळी आपोआप झालेली नाहीत. त्यांना आजही माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले आहेत. गोंदियाकडच्या धानाच्या शेतांत नशीब असेल तर सारसाची जोडी दिसते. महाराष्ट्रात सारस बघायचा तर याच भागात यावं लागतं.

यायचं कधी?

गुगलवर 'ऑक्टोबर ते मार्च' असं उत्तर मिळेल. चूक नाही, पण त्यातून काही कळत नाही. इथला काळ पिकांवर मोजतात.

पोळ्याला आलात तर खेडं सगळ्यात नटलेलं दिसतं. श्रावणी अमावास्येला, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात कधीतरी. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झूल, तोरणाखाली ओळीने उभ्या जोड्या आणि एकेकाने पुढे होऊन म्हटलेल्या झडत्या, म्हणजे यमक जुळवलेली खोचक कवनं. त्या झडत्यांत महादेवापासून सोयाबीनच्या भावापर्यंत आणि सरपंचापासून दिल्लीपर्यंत कोणालाच सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्यात पोरं लाकडी बैल घेऊन मिरवतात आणि घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. पाऊस पडतोच, चिखलाची तयारी ठेवा.

दिवाळीनंतर झाडीत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, धान कापणीला येतो, नाटकं सुरू होतात (त्यावर खाली सविस्तर). वऱ्हाडात तेव्हा कापूस फुटलेला असतो. सकाळच्या उन्हात पांढरं शेत बघायचं तर नोव्हेंबर-डिसेंबर. वरूड-मोर्शी-काटोलकडे आंबिया बहाराची संत्री त्याच सुमारास असतात, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. जानेवारीत हुरडा. मार्चमध्ये पळस पेटतो आणि मोहाची फुलं गळायला लागतात. पहाटे जंगलाच्या कडेला टोपल्या घेऊन मोह वेचणाऱ्या बाया दिसतील. त्यांना कामातून थांबवून फोटोसाठी उभं करू नका, ऊन चढायच्या आत त्यांना घरी जायचं असतं.

आणि उन्हाळ्यात? सुट्टी तेव्हाच असते हो.

मग या, पण आमचं वेळापत्रक पाळा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्ध्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. नवतप्यात, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यापासूनच्या नऊ दिवसांत, गावात दुपारी बारा ते पाच कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. तुम्हीही नसावं. पहाटे पाचला निघा, दहाला सावली गाठा, कूलरसमोर झोपा, पाचनंतर परत बाहेर. डोक्याला-तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय गाडीवर बसू नका. तो फॅशन म्हणून बांधत नाहीत. खिशात कांदा ठेवायला सांगतील, ठेवा, वाद घालू नका, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पाणी, मीठ-साखर, मठ्ठा, कैरीचं पन्हं यांनी निभतं. घाम येणं थांबून डोकं गरगरायला लागलं तर मात्र सरळ दवाखाना.

उकाडा नकोच असेल तर चिखलदरा. उंची हजार मीटरच्या वर आहे, कॉफीची झाडं आहेत आणि जवळच गाविलगड किल्ला. मे महिन्यात तिथे अख्खी अमरावती आलेली असते, हेही सांगून ठेवतो.

एसटीने फिरता येतं का, की स्वतःची गाडीच हवी?

येतं. घाई नसेल तर एसटीच बरी, कारण गप्पा एसटीत होतात.

एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते, ती म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याहून शेवटची बस आडगावी जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत नाहीतर ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या वऱ्हांड्यात झोपतात. आडवळणाच्या गावी जायचं तर हीच गाडी धरावी. पहाटेच्या अंधारात कंडक्टर बाहेर उभा राहून दोनदा घंटी ओढतो, कोणीतरी लांबून 'थांबव रे बाप्पा' ओरडत येतं, दुधाचे कॅन चढतात, तालुक्याला दवाखान्यात निघालेली आजी आधी पिशवी आत टाकते आणि मग स्वतः चढते. पाचव्या मिनिटाला तुम्हाला विचारलं जातं, "कोन्या गावचे तुमी?" गाव सांगितलं की पुढचा प्रश्न : "मंग इकडं काऊन?" याचं उत्तर 'फिरायला' असं दिलंत तर कोणाचा विश्वास बसत नाही. सोयरिकीला आलाय असं धरून चालतात.

निळ्या रंगाच्या, मानव विकास योजनेच्या एसटी गाड्याही दिसतील. त्या मुख्यतः शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी आहेत, म्हणून रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत त्या फेऱ्यांचा भरवसा धरू नका. फाट्यावर बसून राहाल.

तिकिटाचं म्हणाल तर मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवासच मोफत. ओळखपत्र जवळ ठेवा. जास्त फिरणार असाल तर महामंडळाचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो, आगारात विचारा. एसटी नसेल तिथे काळी-पिवळी, म्हणजे वडापची जीप, असते. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि 'भरली' म्हणजे किती हे ड्रायव्हर ठरवतो.

वाट विचारली तर 'इथंच आहे' म्हणतात, मग तासभर चालावं लागतं. असं का?

त्यांच्यासाठी ते इथंच असतं. किती लांब असं विचारू नका. 'पायी गेलं तर जेवणाच्या टायमापर्यंत पोचतो का' असं विचारा, बरोबर उत्तर मिळतं.

समृद्धी महामार्गाने येऊ का?

लवकर पोचायचं तर या. नागपूर ते ठाणे जिल्ह्यापर्यंत ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण खुला. दुचाकीला त्यावर परवानगी नाही, म्हणजे बुलेटवाल्यांनी जुनाच रस्ता धरावा. खरं तर चारचाकीवाल्यांनीही एक टप्पा जुन्या रस्त्याने करावा. समृद्धीवर चहाला थांबलात तर शेजारी बसलेला माणूसही पुण्याचाच निघतो.

शकुंतला रेल्वेत बसायचंय. चालू आहे का?

बंद आहे. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि एक अचलपूरला जाणारी ही नॅरोगेज कापसासाठी टाकली होती, मालकी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीची. १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर धावली. आता काही ठिकाणी रुळांवर झुडपं वाढलीत. स्टेशनं बघायला जरूर जा. गावातलं कोणी म्हातारं भेटलं तर शकुंतला चालू असताना लोक उतरून विधी उरकून परत त्याच गाडीत कसे चढायचे ते ऐकायला मिळेल. सगळं खरं मानायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आमच्याकडचा माणूस गोष्ट सांगताना मीठ हातानं टाकतो.

राहायचं कुठे?

तीर्थाच्या गावी भक्तनिवास. शेगावला गजानन महाराज संस्थानाची व्यवस्था आणि स्वच्छता बघून बाहेरचे चकित होतात. गर्दीच्या दिवसांत मात्र खोली मिळण्याची खात्री नाही. लोणार, चिखलदऱ्याला पर्यटन महामंडळ आहे. मेळघाटात सेमाडोह, कोलकासला वनविभागाची निवासं, ती आधी आरक्षित करावी लागतात. एकट्या माणसाला खोली द्यायला काही ठिकाणी काचकूच करतात, म्हणून निघण्याआधी फोन करा.

खेड्यात हॉटेल नसतं. 'हॉटेल' अशी पाटी असेल तिथे भजे आणि चहा मिळतो, खोली नाही.

जेवण खरंच एवढं तिखट असतं?

सावजी, म्हणजे झणझणीत काळ्या रश्श्याचं जेवण, असतं. पण सावजी म्हणजे सगळा विदर्भ नाही, घरोघरी काही रोज काळा रस्सा शिजत नाही. खेड्यातलं रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, झाडीत भात, तुरीचं वरण, झुणका, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. पाहुणा आला की पाटोडीचा रस्सा नाहीतर वडाभात. सकाळी ठेल्यावर तर्री-पोहे. तर्री वेगळी मागा, पोह्यांवर ओतू देऊ नका, म्हणजे तुमच्या हातात राहतं.

संधी मिळाली तर रोडग्याचं जेवण सोडू नका. नवस फेडायला माणसं देवाच्या आवारात नाहीतर शेतात जमतात. गोवऱ्यांची आर करतात, जाडसर कणकेचे पदर घातलेले गोळे त्यात पुरतात. बाजूला मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत असते. रोडगे काढले की एक जण ते फडक्यात घेऊन राख झटकतो आणि मुठीने फोडतो. आतून वाफ येते, बाहेरचं कवच कडक. त्यावर तूप, वर वरण, आणि पत्रावळीवर कालवून खायचं. पळसाच्या पानांत थापून भाजलेले असले तर ते पानगे. तिथून जाताना नुसतं थांबून बघत राहिलात तरी 'बसा न भाऊ' म्हणतील. बसा. नवसाच्या पंगतीला आमंत्रण लागत नाही. पैसे देऊ नका, वाढायला उठा.

शेगावची कचोरी, वर्ध्याचा गोरसपाक, अमरावतीचा गिला वडा ही यादी सगळ्यांकडे असतेच.

दारू मिळते का?

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीतली बंदी गावोगावच्या बायांच्या चळवळीतून आलीय. गाडीत बाटली घेऊन तिकडे जाऊ नका आणि 'मोहाची मिळेल का' असं पोरांना विचारत तर अजिबात फिरू नका.

ताडोब्याबद्दल थोडक्यात सांगा ना.

थोडक्यातच सांगतो, कारण यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे. १९५५ चं राष्ट्रीय उद्यान, गाभा क्षेत्र मंगळवारी आणि पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रात पावसाळ्यातही जाता येतं. बुकिंग अधिकृत संकेतस्थळावरून करा, ज्या ओळखपत्रावर केलं तेच सोबत आणा. गाभ्यात मोबाईल नेता येत नाही, ही उत्तम गोष्ट आहे. वाघ दिसेल याची हमी देणारा एजंट भेटला तर दुसरा शोधा. आणि गाईड गावातलाच असतो; त्याला पूर्ण फेरीभर 'वाघ कुठंय' विचारण्यापेक्षा त्याच्या गावात वाघाबरोबर राहणं कसं असतं हे विचारा. सरपणाला, मोहाला, गुरांमागे जंगलात जाणाऱ्यांचं वाघाशी नातं तुमच्यासारखं कॅमेऱ्यापुरतं नाही.

गडचिरोलीला जाणं सुरक्षित आहे का?

मार्कंडा, वैरागड, आरमोरी, सिरोंचा या बाजूंना लोक सर्रास जातात. आत भामरागड-एटापल्लीकडे जायचं तर दिवसाउजेडी प्रवास करा, ज्यांच्याकडे जाताय त्यांना आधी कळवा, पोलिसांनी विचारपूस केली तर नीट उत्तर द्या. पावसाळ्यात भामरागड टाळा : पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो. मच्छरदाणी आणि डास पळवणाऱ्या मलमाची ट्यूब आणाच, मलेरिया इथे खरोखर होतो. परत गेल्यावर ताप आला तर डॉक्टरांना गडचिरोलीला जाऊन आल्याचं सांगा.

हेमलकशाला १९७३ पासूनचा लोकबिरादरी प्रकल्प आहे. बघायला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं की तो चालता दवाखाना आणि शाळा आहे. रांगेत बसलेल्या माडिया आदिवासी रुग्णांचे फोटो काढायला तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही.

झाडीपट्टीचं नाटक कुठे बघायचं?

वडसा, म्हणजे देसाईगंज. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर आहे, उतरायला सोपं. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथेच आहेत, दिवाळीनंतर बाहेर तारखांचे बोर्ड लागतात. कोणत्या गावात कोणत्या रात्री काय आहे हे तिथे उभ्या उभ्या कळतं. हंगाम होळीपर्यंत. गावात दिवसा मंडई किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) आणि रात्री नाटक, अशी जोडी असते. बैलांच्या शर्यतींवर २०१४ ला आलेली बंदी २०२१ च्या शेवटी उठली, तेव्हापासून पटही परत रंगतात.

नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. शेतात मंडप, समोर तालुक्यातून आलेला सगळा गोतावळा, आर्गन-तबला जागेवर वाजतो. रडकं कौटुंबिक कथानक मधेच थांबवून लावणी येते आणि लावणीनंतर मायलेकी पुन्हा डोळे पुसायला लागतात. पुण्यामुंबईचे नाट्यरसिक पहिल्या तासात नाक मुरडतात. त्यांनी तीनपर्यंत थांबावं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. स्वेटर आणि चादर न्या, नोव्हेंबरात बांधीतली थंडी हाडात शिरते. ज्या गावात नाटक असतं त्या गावात त्या रात्री घरोघर पाहुणे असतात, त्यामुळे कोणाच्या तरी घरी जेवायला बसवलं जाणारच. ऐनवेळी आलेल्यांचंही निभतं.

अनोळखी लोक घरी बोलावतात. जावं का?

जावं. चपला बाहेर, आलेलं पाणी आधी प्यायचं, मग बोलायचं. 'चहा नको' एकदाच म्हणता येतं. घरातल्या म्हाताऱ्याला बाबाजी, म्हातारीला आजी किंवा माय, बरोबरीच्याला भाऊ. पिकाबद्दल विचारलंत तर अर्धा तास काळजी नाही, पण 'एकरी किती सुटले' हे पहिल्या भेटीत विचारू नका. यवतमाळ-अमरावतीकडे शेतकऱ्याच्या घरी बसून आत्महत्यांचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर ऐका. फोटो पाठवतो म्हणालात तर पाठवा, लोक वाट बघतात.

एकट्या मुलीने फिरावं का?

फिरतात, आणि बऱ्याच जणी पुन्हा फिरायला येतात. एसटीत बाईशेजारची जागा धरा, कंडक्टरला उतरायचं गाव आधीच सांगून ठेवा. तो फाट्यावर उतरवताना ओळखीच्या कोणाच्या तरी हवाली करतो. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. 'एकटीच? घरचे काही म्हणत नाही?' हे दिवसातून अनेकदा ऐकावं लागेल. बहुतेक वेळा त्यात संशय नसतो, काळजी असते. नको वाटलं तर 'पुढच्या गावी मावशी आहे' हे उत्तर चालतं.

होळीत मेळघाटात रस्ता अडवतात म्हणे?

अडवतात, घाबरू नका. इथल्या कोरकू आदिवासींचा सगळ्यात मोठा सण होळीच, पाच दिवस चालतो. ढोल-बासरी घेऊन बायापुरुष रस्त्यावर येतात, नाचतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे फगवा मागतात. दहा-वीसच्या सुट्या नोटा खिशात ठेवा, काच खाली करा, हसून द्या. खाली उतरून दोन पावलं नाचलात तर गाडी आणखी लवकर सुटते. पाचशेची नोट दाखवून सुटे मागत बसलात तर मात्र उशीर होईल.

कोणी खर्रा पुढे केला तर?

करणारच. ठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून तयार होतो, चार जण एकाच पुडीतून घेतात आणि ओळख झाली की पुडी तुमच्याकडे येते. तंबाखूचे फायदेतोटे समजावून सांगू नका, त्यांना ठाऊक आहेत, गावात तोंडाचा कॅन्सर झालेलं कोणी ना कोणी असतंच. 'जमत नाही भाऊ, डोकं गरगरते' म्हणा आणि ठेल्यावरून बडीशेप किंवा चॉकलेट मागा. हसतील, एखादा 'शहराचे दिसते' म्हणेल, आणि चहाचे पैसे तुम्हाला देऊ देणार नाहीत.